छपरातली एका बांबूची जागा

ऑगस्टची एकोणीस तारीख. पहाटे दरीत दाट धुकं होतं, नऊच्या सुमारास ते विरलं आणि मग दिवसभर कोरडं ऊन पडलं. वारा असा नव्हताच. अशा दिवशी एकदा एक वृद्ध सुतार जवळजवळ पूर्ण झालेल्या छपरावर चढला, त्यात नीट बसवलेला एक बांबू त्याने उपसला आणि खाली अंगणात टाकून दिला.

हे घडलं सुलावेसी बेटावरच्या डोंगरात, तोराजा लोकांच्या मुलखात. त्यांची वडिलोपार्जित घरं दुरून पाहिली तर हिरव्या उतारावर होड्या ओढून ठेवल्यासारख्या वाटतात. छपराची दोन्ही टोकं आभाळाकडे उचललेली, तोंड उत्तरेला, भिंतींवर लाल, पिवळं, पांढरं, काळं कोरीवकाम. समोरच्या उंच खांबावर त्या घराने आजवर दिलेल्या रेड्यांची शिंगं एकाखाली एक. असं घर एका माणसाचं नसतं. ज्या जोडप्याने ते पहिल्यांदा उभारलं, त्याच्या मुलांकडून आणि मुलींकडून आलेल्या साऱ्या वंशाचं ते असतं. राहतं त्यात एखादंच कुटुंब; बाकीचे कुठे कुठे पांगलेले.

पिढी-दोन पिढ्यांनी ते उतरवून पुन्हा बांधतात, आणि त्या वेळी प्रत्येकाने काहीतरी आणायचं असतं. कुणी खांबाचं लाकूड आणतो, कुणी डुक्कर, कुणी तांदूळ; ज्याच्याकडे काहीच नाही त्याने छपरासाठी एक बांबू आणायचा. ज्याने आणलं त्याचं नाव वास्तूच्या दिवशी अंगणात मोठ्याने पुकारलं जातं. नाव पुकारलं गेलं की तो माणूस पुन्हा एका पिढीपुरता त्या घराचा झाला. तिथे त्याला जागा असते, आणि पुढे कधीतरी डोंगराच्या कड्यात कोरलेल्या त्या घराच्या कबरीतही.

त्या मुलखात म्हाताऱ्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत. नातवाचं नाव घेऊन अमक्याचे आजोबा म्हणतात. या सुताराला सगळे पासांगचे आजोबा म्हणत. त्यांनी आयुष्यात अकरा घरं पुन्हा उभी केली होती आणि हे बारावं. त्यांचा शिष्य रेरुंग तेहतीस वर्षांचा, हाताने कुशल, मनाने मऊ. घरही त्याच्या आईकडचंच होतं, त्यामुळे काम करताना त्याच्या अंगात दुप्पट बळ यायचं.

तर त्या दिवशी पासांगचे आजोबा शिडीवर चढले. छप्पर फाडलेल्या बांबूचं असतं. एकाची पोकळ बाजू वर, दुसऱ्याची खाली, अशा जोडीने थरावर थर वेताने बांधत जातात. आजोबांनी पश्चिम बाजूच्या एका पट्ट्यावर हात फिरवला, थोडा वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले, आणि मग कोयत्याने वेत कापून तो पट्टा वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत आरपार काढून टाकला. आत उभ्या असलेल्या माणसांना छपरातून आभाळाची एक उभी चीर दिसायला लागली.

अंगणात वीस-पंचवीस नातेवाईक होते. कुणाला काही कळेना. रेरुंगचा मामा थट्टेखोर होता. तो म्हणाला की आजोबांना म्हातारपणी आभाळ बघायची हौस आली आहे, आता पाऊस आला तर घराला टोपी घालावी लागेल. दोघं-तिघं हसले. पण वास्तूला नऊ दिवस उरले होते, आणि डोंगरात ऑगस्टमध्येही आभाळाचा भरवसा नसतो, त्यामुळे ते हसणं फार टिकलं नाही. एका वडीलधाऱ्याने विचारलं, बांबूला कीड होती का? आजोबा म्हणाले, नाही, चांगला होता.

मग ते खाली उतरले आणि रेरुंगला बाजूला, समोरच्या धान्याच्या कोठाराखालच्या ओट्यावर घेऊन बसले.

“हा बांबू कुणाचा?”

“सेसाच्या आईचा,” रेरुंग म्हणाला.

“तिने तोडला?”

“नाही आजोबा. तिच्या वतीने मी आणला.”

“वाटलंच. सेसाच्या आईचं बांबूचं बेट खडकावर आहे. तिथल्या बांबूची पेरं आखूड असतात, वीतभराचीसुद्धा नसतात. हा लांब पेरांचा. तुझ्या परसातला.” आजोबांनी कोयता पुसून कमरेच्या म्यानात घातला. “तुझा बांबू आधीच लागलाय. घराला तू दोनदा कसा लागशील? उद्या जा, आणि तिचा घेऊन ये.”

रेरुंगने काय केलं होतं, ते इथे सांगितलं पाहिजे.

मे महिन्याच्या शेवटी त्याला सगळ्या नातेवाइकांकडे निरोप घेऊन धाडलं होतं. प्रत्येकाला वास्तूचा दिवस सांगायचा आणि कुणी काय आणायचं ते ठरवून यायचं. सेसाची आई घरापासून चार तासांच्या चालीवर, नवऱ्याच्या गावी एका झोपडीत एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा सेसा एकोणिसाव्या वर्षी जहाजावर कामाला गेला, त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून चिठ्ठी नाही की निरोप नाही. तरी गाव तिला सेसाची आईच म्हणायचं.

रेरुंग पोहोचला तेव्हा ती दारातच बसली होती. तिच्या स्वतःच्या छपराचं गवत तीन ठिकाणी उडालेलं. गुडघे सुजलेले. तिने त्याला कॉफी दिली, उकडलेला सुरण दिला, आणि स्वतः काही घेतलं नाही. घरात तेवढंच होतं हे त्याच्या लक्षात आलं. त्याचा जीव कळवळला. तो म्हणाला, मावशी, तुमचा बांबू मी घालतो, तुम्ही कशाला त्रास घेता, तुम्ही आपल्या नुसत्या या.

“नुसती कशी येऊ?” ती म्हणाली.

तो हसून म्हणाला की पाहुण्यासारख्या या, बसा, जेवा, आम्ही आहोत ना. तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, “पाहुणी म्हणून होय? बरं.” आणि त्याचा पेला उचलून आत गेली. रेरुंग परतीच्या वाटेवर सुखात होता. एका गरीब म्हातारीचं ओझं आपण हलकं केलं, असं त्याला चार तास वाटत राहिलं.

वीस ऑगस्टला तो पुन्हा निघाला. पहाटे पाचला निघून नऊच्या आत पोहोचला. झोपडीच्या दारात सेसाची आत्या, म्हणजे म्हातारीची नणंद, तांदूळ पाखडत होती. रेरुंगने मावशी कुठे म्हणून विचारलं. तिने सूप खाली न ठेवता सांगितलं की ती आजारी आहे, तीन दिवस झाले.

तोराजा माणसाने हे ऐकलं की तो पुढे काही विचारत नाही. त्यांच्याकडे श्वास थांबला म्हणजे माणूस मेला असं म्हणत नाहीत. अंत्यविधी होईपर्यंत, मग त्याला महिने लागोत की वर्षं, तो आजारी असतो. त्याला घरातच झोपवतात, जेवणाच्या वेळी ताट वाढतात, बाहेर जाताना सांगून जातात, आल्यावर आलो म्हणून सांगतात. सेसाच्या आईच्या उशाशी भाताची वाटी होती आणि कॉफीचा पेला होता. कॉफीवर साय धरली होती.

रेरुंगने नमस्कार केला आणि बाहेर येऊन बसला. आपण बांबूसाठी आलो आहोत हे त्याला बोलवेना. शेवटी त्याने ते सांगितलं तेव्हा नणंदेने पाखडणं थांबवलं.

बांबू होता, ती म्हणाली. एप्रिलमध्येच वहिनीने तोडून घेतला होता. असल्या गुडघ्यांनी खडकावर चढली, दोन दिवस त्यात घालवले, आणि कीड लागू नये म्हणून खाचराच्या तळ्यात मुरायला टाकला. रोज जाऊन बघायची, वर आला की दगड ठेवायची. “मग तू येऊन गेलास. दुसऱ्या दिवशी तिने तो पाण्यातून ओढून काढला आणि मला म्हणाली, तुमच्या डुकरांच्या खुराड्याला घ्या. मी म्हटलं, अहो, ठेवा, तिकडे लागेल. तर म्हणाली, तिकडे माझं लागलं, असा निरोप आलाय.”

ती रेरुंगला मागच्या बाजूला घेऊन गेली. तो बांबू खुराड्याच्या कुडात होता, उभा चिरलेला, खिळे मारलेला, खालून चिखलात रुतलेला. त्याच्या मागून दोन डुकरं रेरुंगकडे बघत होती.

“आता तूच सांग,” नणंद म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा चढला. “आमच्या घरी तिला कोण घेणार? नवरा गेला, पोरगा हरवला, तिला आमच्याशी बांधणारं काही उरलं नाही. माझे भाऊबंद कालच म्हणाले, तिच्या माहेरच्यांनी बघावं. आणि माहेरच्यांनी तर तिला पाहुणी केलं. मग ही बाई जाणार कुठल्या कबरीत? वाटेच्या कडेला?”

रेरुंग मोकळ्या हाताने परत आला.

त्या संध्याकाळी वास्तूच्या तयारीचा आवाज अंगणभर होता. मामाने त्याला विचारलं की बांबू वाटेत खाल्लास की काय. रेरुंगने ऐकलंच नाही. तो आजोबांजवळ जाऊन बसला, झालं ते सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, “उशीर झाला, आजोबा. माझाच बांबू परत बसवा. नाव मात्र तिचंच पुकारू. कुणाला कळणार आहे?”

“ती मेली का?”

रेरुंग दचकला. असं कुणी बोलत नाही. “नाही,” तो म्हणाला. “आजारी आहे.”

“मग उशीर कसला? आजारी माणसाला विचारता येतं. उद्या मीही येतो.”

पासांगच्या आजोबांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होतं. चार तासांची वाट त्यांना सात तास पुरली. बावीस तारखेला ते दोघं परत येईपर्यंत छपराचं काम बंद राहिलं, आणि एकवीसच्या दुपारी एक सर येऊन गेली. चिरेतून पाणी आत आलं. नव्या फळ्यांवर डाग पडले. अंगणातली माणसं म्हाताऱ्याला काय काय बोलली, ते त्यांना कुणी नंतर सांगितलं नाही.

झोपडीत आजोबांनी तांदूळ, कॉफी आणि विड्याची पानं आजाऱ्याच्या उशाशी ठेवली. आपण कोण, कुठून आलो, वाटेत कुठे थांबलो, हे तिला सविस्तर सांगितलं. मग ते सरकून बसले आणि रेरुंगला म्हणाले, “विचार.”

रेरुंग आयुष्यात अनेक आजाऱ्यांशी बोलला होता, जसं तिथे प्रत्येकजण बोलतो. जेवलात का, आज थंडी आहे, बैल विकला. पण या बाईशी काय बोलायचं हे त्याला सुचेना. बराच वेळ तो तिच्या हाताकडे पाहत राहिला. तळव्याला बांबूच्या पात्यांनी कापल्याच्या जुन्या रेघा होत्या.

“मावशी,” तो म्हणाला, “मे महिन्यात मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. घराला तुमचा बांबू हवाय. माझा चालत नाही. द्याल का?”

आजोबा हलले नाहीत. दुपारची वेळ झाली, नणंदेने आजाऱ्याचं ताट वाढलं, मग या दोघांना वाढलं. जेवण झालं तरी आजोबा तसेच बसलेले. रेरुंगला वाटलं, ते आता सांगतील की तिने होकार दिला. त्यांनी तसं काही सांगितलं नाही. शेवटी नणंदच उठली, दारामागचा कोयता काढून तिने रेरुंगसमोर ठेवला.

“तिने आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही,” ती म्हणाली. “तेच तर तिचं चुकलं. जा, तोड. उजवीकडून चढ, डावीकडचे दगड सुटतात.”

दुसऱ्या दिवशी, परतीच्या वाटेवर, एका वळणावर ते विसाव्याला बसले. बांबू रेरुंगच्या खांद्यावर होता, तो त्याने आडवा ठेवला. तोडलेल्या टोकातून अजून पाणी झिरपत होतं.

“आजोबा, हा ओला आहे,” तो म्हणाला. “मुरवायला अडीच-तीन महिने लागतील. तसाच चढवला तर वाळून चिरणार.”

“हो.”

“मग तिथून गळेल.”

“गळेल.” आजोबांनी पाय लांब केले, गुडघे दाबले, आणि बोलू लागले.

“आपण घर उतरवतो तेव्हा त्यातलं बरंचसं लाकूड चांगलंच असतं, हे तू पाहिलंस. तरी उतरवतो. कारण ज्यांचं ते आहे त्यांना पुन्हा एकदा त्याला हात लावता यावा. श्रीमंत रेडा आणून हात लावतो, गरीब बांबू आणून लावतो. घराला दोन्ही हात सारखेच कळतात. तिच्या डोक्यावर ओझं आहे असं तुला दिसलं, आणि तू ते उतरवलंस. पण ती ते वाहत नव्हती, रेरुंग. ती त्याला धरून होती. नवरा सुटला, पोरगा सुटला, हातात एवढंच उरलं होतं. दया वाईट नसते. मात्र दया करणारा उभा असतो आणि घेणारा बसलेला असतो. त्या दिवशी अंगणात सगळे उभे राहणार होते. तिला एकटीला तू बसायला सांगितलंस.”

रेरुंग मान खाली घालून ऐकत होता. खाली दरीत कुणीतरी म्हशींना हाका घालत होतं. त्याने विचारलं, “काल आपण विचारलं ते तिला कळलं असेल?”

म्हातारा सुतार खोटं बोलू शकला असता. त्यात कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “आपल्याला विचारायचं होतं, ते आपण विचारलं. मे महिन्यात विचारलं असतंस तर उत्तर ऐकायला मिळालं असतं.”

मग रेरुंगने बांबू खांद्यावर घेतला. आजोबांनी दुसरं टोक धरू का म्हणून विचारलं. त्याने धरू दिलं.

बांबू तेवीस ऑगस्टला सकाळी फाडून पश्चिम बाजूला बसवला. वास्तू ठरल्याप्रमाणे अठ्ठावीसला झाली. आदल्या रात्री थोडा पाऊस होता, त्या दिवशी नव्हता. एकूण त्रेसष्ट नावं पुकारली गेली. सेसाच्या आईचं नाव एकोणपन्नासावं होतं, आणि तिने काय आणलं याच्या पुढे एक बांबू असं पुकारलं गेलं. सप्टेंबरच्या बारा तारखेला माहेरचे नऊ पुरुष जाऊन तिला घेऊन आले आणि घराच्या दक्षिणेकडच्या खोलीत झोपवलं. तिथे ती एक वर्ष दहा महिने आजारी होती. तिचं ताट रेरुंगची बायको वाढायची. त्यानंतर अंत्यविधी होऊन तिला त्याच घराच्या कड्यातल्या कबरीत ठेवलं. सेसाचा निरोप आला नाही. बांबू सातव्या महिन्यात दोन ठिकाणी चिरला. मोठ्या पावसात तिथून मधल्या खोलीत पाणी येतं. खाली पितळेचं एक भांडं ठेवलेलं असतं, ते दिवसातून दोनदा रिकामं करावं लागतं. बांबू बदललेला नाही.